चिठ्ठी दोरीला लावा, गिऱ्हाईक मोकळं करा : वेबसाइटमध्ये मेसेज क्यू आणि सबस्क्रायबर कसे लावायचे



गेल्या व्हिडिओत आपण पेमेंट गेटवे वेबसाइटला कसं जोडायचं ते बघितलं. शेवटी बोलता बोलता मी एक वाक्य टाकलं होतं, "बाकीची कामं मागे क्यूवर टाकायची." व्हिडिओ तिथेच संपला. पण खरं दुखणं तिथूनच सुरू होतं, आणि त्या दुखण्याने माझा एक अख्खा जून महिना खाल्लाय. म्हणून आज ते एक वाक्य सविस्तर लिहून काढते.

मी प्रोग्रामर नाही, बीबीए केलंय आणि स्टेशनरीचं दुकान चालवते. कोड माझा चुलत दीर लिहितो. पण क्यू काय असते, सबस्क्रायबर कुठे चुकतो, हे दुकानदाराला कळलंच पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे. कारण चुकलं की फोन कोड लिहिणाऱ्याला येत नाही, दुकानात येतो.

तर झालं असं. आम्ही शाळांचे वह्या-पुस्तकांचे सेट विकतो. इयत्तेनुसार यादी ठरलेली, पालकांनी वेबसाइटवर इयत्ता निवडायची, पैसे भरायचे, पार्सल घरी. वर्षभर दिवसाला पाच-दहा ऑर्डर. काहीच त्रास नाही. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका शाळेने रात्री आठ वाजता पालकांच्या ग्रुपवर लिंक टाकली. जेवणाआधी उरकून घेऊ म्हणून सगळे पालक एकदम आत आले.

आमची वेबसाइट तेव्हा "पैसे आले" हे कळल्याकळल्या एका दमात सगळं करायची. ऑर्डर नोंदवायची, स्टॉक कमी करायचा, इनव्हॉइसची पीडीएफ बनवायची, ती ईमेल करायची, पालकांना व्हॉट्सॲप पाठवायचं आणि गोडाऊनच्या प्रिंटरला स्लिप द्यायची. एरवी हे चार-पाच सेकंदांत व्हायचं. त्या रात्री ईमेलचा सर्व्हर मंदावला आणि त्याच्यामागे सगळी रांग अडकली. पानावर नुसतं चक्र फिरतंय.

"भाऊजी, साइट बंद पडली का?"

"वहिनी, सर्व्हर चालू आहे. पण प्रत्येक ऑर्डर ईमेल जायची वाट बघत उभी आहे."

याच्यापेक्षा वाईट गोष्ट पुढे होती. पेमेंट गेटवे पैसे मिळाल्यावर आपल्या साइटला निरोप धाडतो, त्याला वेबहुक म्हणतात. आपण काही सेकंदांत "मिळाला" असं उत्तर द्यायचं असतं. उत्तर आलं नाही तर गेटवे समजतो की निरोप पोचलाच नाही, आणि थोड्या वेळाने तोच निरोप पुन्हा पाठवतो. त्याचं बरोबरच आहे. आमची साइट मात्र सगळी कामं उरकून मग उत्तर देत होती. म्हणजे उशिरा. म्हणून निरोप पुन्हा आला, साइटने पुन्हा स्टॉक कमी केला, पुन्हा इनव्हॉइस बनवलं. रात्री साडेनऊला वेबसाइटवर पाचवीचा सेट "स्टॉक संपला" दाखवत होता आणि गोडाऊनमध्ये पाचवीचे सेट छताला लागले होते! एका ऑर्डरला दोन-दोन इनव्हॉइस नंबर. ते निस्तरायला सीएच्या ऑफिसात ज्या चकरा मारल्या, त्या मला अजून आठवतात. आणि "संपला" वाचून किती पालक दुसरीकडे गेले, तो हिशोब तर लागतच नाही.

अण्णांची दोरी

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांच्या काळात कॉम्प्युटर नव्हता, पण जूनची गर्दी हीच होती. त्यांनी काउंटरपासून गोडाऊनच्या दारापर्यंत एक दोरी बांधली होती. दोरीला कपड्यांचे चिमटे. काउंटरवर अण्णा पैसे घ्यायचे, चिठ्ठी लिहायचे, चिमट्याला लावून पुढे सरकवायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "बसा दोन मिनिटं, माल येतोय." पुढचं गिऱ्हाईक लगेच पुढे. गोडाऊनमधली मुलं त्यांच्या बाजूची पहिली चिठ्ठी धरायची आणि माल काढायची.

ही दोरी म्हणजे मेसेज क्यू. चिठ्ठी म्हणजे मेसेज. चिठ्ठी लावणारे अण्णा म्हणजे पब्लिशर, आपल्याकडे ती वेबसाइट. चिठ्ठी घेऊन काम करणारा मुलगा म्हणजे सबस्क्रायबर. त्यालाच कुणी कन्झ्युमर म्हणतं, कुणी वर्कर. तिघांत बारीक फरक आहेत, पण डेव्हलपरशी बोलताना तुम्ही कुठलाही शब्द वापरला तरी त्याला कळतं. आणि दोरी सांभाळणारं सॉफ्टवेअर म्हणजे ब्रोकर.

आता यातली सगळ्यात हुशार गोष्ट बघा. मुलगा चिठ्ठी हातात घेतली की काढून टाकायचा नाही, ती दोरीवर उलटी लावायचा. म्हणजे हिच्यावर काम चालू आहे, दुसऱ्याने घेऊ नये. पार्सल बांधून झालं की मगच चिठ्ठी काढून डब्यात. मधेच मुलगा चहाला गेला आणि आलाच नाही, तर अण्णा ती चिठ्ठी परत सुलटी करायचे, दुसरा मुलगा उचलायचा. कुणाचाही माल राहायचा नाही.

कॉम्प्युटरच्या भाषेत चिठ्ठी डब्यात टाकणं म्हणजे अ‍ॅकनॉलेजमेंट, बोलताना सगळे "अ‍ॅक" म्हणतात. सबस्क्रायबर लावताना पहिला प्रश्न हाच विचारायचा: अ‍ॅक कधी जातो? काम झाल्यावर की मेसेज हातात पडल्या पडल्या? रॅबिटएमक्यूमध्ये दोन्ही प्रकार आहेत. ऑटो-अ‍ॅक ठेवला तर मेसेज दिला की ब्रोकर तो विसरतो. मग इनव्हॉइस बनवताना प्रोग्राम कोसळला, की ती ऑर्डर गेली ढगात. मॅन्युअल अ‍ॅक ठेवला तर सबस्क्रायबरचं कनेक्शन तुटताच मेसेज परत रांगेत येतो. पैशाशी संबंध असेल तिथे मॅन्युअल. यात चर्चाच नको.

काउंटरवर काय, मागे काय

सगळंच मागे टाकायचं का? नाही. इथे डेव्हलपरने ठरवायचं नाही, तुम्ही ठरवायचं, कारण हा धंद्याचा निर्णय आहे.

आमच्याकडे आता वेबहुक आला की साइट तीनच गोष्टी करते. निरोप खरंच गेटवेकडून आलाय का ते सही तपासून बघते, ऑर्डर "पैसे मिळाले" म्हणून नोंदवते आणि क्यूवर चिठ्ठी लावते. लगेच "मिळाला" असं उत्तर. निमिषात काम. इनव्हॉइस, ईमेल, व्हॉट्सॲप, गोडाऊनची स्लिप हे सगळं मागे.

स्टॉकचं मात्र आम्ही मुद्दाम मागे टाकलेलं नाही. पालक पैसे भरायला जातानाच तो सेट त्याच्या नावाने राखून ठेवतो, पैसे नाही भरले तर काही मिनिटांनी सोडतो. कारण स्टॉक क्यूमध्ये टाकला आणि रांग दहा मिनिटं तुंबली, तर त्या दहा मिनिटांत शेवटचे पाच सेट तुम्ही वीस जणांना विकाल. काही जण म्हणतात क्यू आली की सगळं "असिंक्रोनस" करा. गिऱ्हाइकाला दिलेला शब्द ज्याच्यावर टिकतो ते काम काउंटरवरच राहू द्या.

चिठ्ठीवर काय लिहायचं? थोडंच. ऑर्डर नंबर, काय घडलं ("पैसे मिळाले") आणि वेळ. बस. पालकांचं नाव, पत्ता, मोबाइल, मुलाची इयत्ता हे मेसेजमध्ये कोंबू नका. सबस्क्रायबर ऑर्डर नंबरवरून डेटाबेसमधून ताजी माहिती काढून घेईल. पत्ता मधल्या काळात बदलला असेल तरी नवाच मिळतो, आणि मेसेज कुठे लॉगमध्ये पडले तर लोकांची माहिती उघडी पडत नाही.

यात एक गमतीशीर चूक आमच्याकडे झाली. साइट चिठ्ठी लावायची आणि ऑर्डर डेटाबेसमध्ये पक्की व्हायची थोडी नंतर. सबस्क्रायबर इतका चपळ की त्याआधीच चिठ्ठी उचलून म्हणायचा, "असली ऑर्डरच नाही!" अण्णांनी बिल लिहून व्हायच्या आधी मुलाने चिठ्ठी ओढावी तसं. नियम साधा आहे: डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन कमिट झालं, मगच मेसेज. लाराव्हेलमध्ये यासाठी "आफ्टर कमिट" नावाची सोय तयार आहे. बाकी फ्रेमवर्कमध्येही काही ना काही असतं.

मग उलटा प्रश्न येतो. ऑर्डर पक्की झाली आणि चिठ्ठी लावायच्या क्षणालाच ब्रोकर बंद पडला तर? ऑर्डर आहे, चिठ्ठी नाही. यासाठी आम्ही ऑर्डरच्या टेबलातच "चिठ्ठी लावली" अशी खूण ठेवतो, आणि दर पाच मिनिटांनी एक छोटा प्रोग्राम खूण नसलेल्या ऑर्डर शोधून त्यांच्या चिठ्ठ्या पुन्हा लावतो. दुकान बंद करताना बिलबुक आणि गल्ला जुळवतो ना, तेच.

कोणती दोरी घ्यायची

इथे लोक सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा घालवतात. मी थोडक्यात सांगते.

दिवसाला शे-दोनशे ऑर्डर असतील तर तुमच्याकडे आधीच असलेल्या डेटाबेसचीच क्यू करा. लाराव्हेलमध्ये मेसेज मायएसक्यूएलच्या "जॉब्स" टेबलात ठेवता येतात, वेगळं काही बसवावं लागत नाही. वरचा जो कमिटचा घोळ सांगितला तोही सोपा होतो, कारण ऑर्डर आणि चिठ्ठी एकाच वहीत, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. आम्ही पहिलं वर्ष याच्यावरच काढलं आणि मला त्याची लाज वाटत नाही.

रॅबिटएमक्यू हा स्वतंत्र ब्रोकर, २००७ पासून आहे, मुक्त सॉफ्टवेअर आहे. निरनिराळ्या सबस्क्रायबरना निरनिराळ्या चिठ्ठ्या वाटायच्या असतील तर उत्तम. पण तो सांभाळायला कुणीतरी जाणता हवा. एक लक्षात ठेवा: रॅबिटएमक्यूमध्ये क्यू "ड्युरेबल" करणं आणि मेसेज "पर्सिस्टंट" करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फक्त पहिली केली तर सर्व्हर रीस्टार्ट झाल्यावर दोरी जागेवर असते, चिठ्ठ्या गायब!

अ‍ॅमेझॉनची एसक्यूएस ही भाड्याची दोरी. सर्व्हर सांभाळायला नको, आणि महिन्याला पहिले दहा लाख व्यवहार फुकट असल्याने लहान धंद्याला बिल जवळपास येतच नाही. मेसेज आपणहून चार दिवस टिकतात, सेटिंग बदलून १४ दिवसांपर्यंत. चिठ्ठी उलटी लावण्याला तिथे व्हिजिबिलिटी टाइमआउट म्हणतात, तो मूळचा ३० सेकंदांचा असतो. म्हणजे सबस्क्रायबरला ३० सेकंदांत काम उरकून मेसेज काढून टाकता आला नाही, तर चिठ्ठी आपोआप सुलटी होते आणि दुसरा ती उचलतो. तुमची पीडीएफ बनायला ४० सेकंद लागत असतील तर एकच इनव्हॉइस दोघं बनवत बसतील. म्हणून कामाला जास्तीत जास्त जितका वेळ लागतो त्याच्यापेक्षा हा आकडा चांगला मोठा ठेवायचा.

रेडिसबद्दल एक सावधगिरी. रेडिसमध्ये "पब-सब" नावाची सोय आहे आणि नाव ऐकून लोकांना वाटतं हेच ते. ते नाही! रेडिसचं पब-सब म्हणजे लाउडस्पीकर. त्या क्षणी जो ऐकतोय त्याला ऐकू येतं. सबस्क्रायबर दोन मिनिटं बंद असेल तर त्या दोन मिनिटांतलं सगळं वाऱ्यावर. स्क्रीनवर लाइव्ह आकडे दाखवायला छान, ऑर्डरला अजिबात नाही. रेडिसच हवं असेल तर त्यातल्या लिस्ट किंवा स्ट्रीम वापरणारी लायब्ररी घ्या.

आणि काफ्का? लिंक्डइनसारख्या कंपनीत जन्मलेली गोष्ट आहे ती. वह्यांच्या दुकानाला लागत नाही. कुणी कोटेशनमध्ये लिहून दिलं तर "का?" एवढं विचारा.

तीन रंगांचं बिलबुक

आता ज्या चुकीने आमचा दुसरा आठवडा गेला ती सांगते, कारण ही चूक मी नंतर आणखी दोघा-तिघांकडे बघितली आहे.

भाऊजींनी क्यू बसवली. नाव ठेवलं "ऑर्डर". दोन सबस्क्रायबर लिहिले, एक इनव्हॉइस बनवणारा, एक व्हॉट्सॲप पाठवणारा. दोघांनाही "ऑर्डर" क्यूवर बसवलं. चार ऑर्डर टाकून बघितल्या, "चाललंय" म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी फोन सुरू. अर्ध्या पालकांना इनव्हॉइस आलंय पण व्हॉट्सॲप नाही. अर्ध्यांना व्हॉट्सॲप आलंय, इनव्हॉइस नाही. एकही पालक असा नाही ज्याला दोन्ही मिळालं.

कारण काय? एका दोरीवर दोन मुलं असली की चिठ्ठी त्या दोघांत वाटली जाते, प्रत्येकाला प्रत्येक चिठ्ठी मिळत नाही. एक याला, एक त्याला. दोन्ही मुलं एकच काम करत असतील, म्हणजे दोघंही पार्सलच बांधत असतील, तर हे छानच आहे, काम दुप्पट वेगाने होतं. पण दोघांची कामं वेगळी असतील तर घोटाळा.

वेगळ्या कामांसाठी तीन कॉप्यांचं बिलबुक हवं. पांढरी कॉपी गिऱ्हाइकाला, गुलाबी गोडाऊनला, पिवळी हिशोबाला. एकदाच लिहायचं, कार्बनने तिन्हीवर उमटतं. रॅबिटएमक्यूमध्ये हे कार्बन पेपरचं काम "एक्स्चेंज" करतो. वेबसाइट मेसेज एक्स्चेंजला देते. एक्स्चेंज "फॅनआउट" प्रकारचा असेल तर त्याला जोडलेल्या प्रत्येक क्यूमध्ये एक-एक कॉपी पडते. इनव्हॉइसची क्यू वेगळी, व्हॉट्सॲपची वेगळी, गोडाऊनची वेगळी. प्रत्येक क्यूवर तिचा आपला सबस्क्रायबर. एसक्यूएस वापरत असाल तर तिच्यापुढे एसएनएस लावून हेच करतात.

याचा खरा फायदा दुसऱ्या जूनला कळला. ईमेल सेवा पुन्हा तास-दीड तास मंदावली. ईमेलची रांग वाढत गेली, पण गोडाऊनची स्लिप निघतच होती, पार्सलं बांधली जात होती. कुणाला कळलंही नाही. पुढे तुम्हाला कुरिअरचं बुकिंगही आपोआप करायचं झालं, तर नवीन क्यू, नवीन सबस्क्रायबर. वेबसाइटच्या जुन्या कोडला हात लावायचा नाही.

तीच चिठ्ठी दोनदा आली तर

येणारच. हे गृहीत धरूनच चालायचं. काम झालं, पण अ‍ॅक जायच्या आधी नेट गेलं, तर ब्रोकरला वाटतं काम झालेलंच नाही, तो मेसेज परत देतो. एसक्यूएसची साधी क्यू तर "किमान एकदा देऊ" एवढंच वचन देते. म्हणजे दोनदाही देऊ शकते.

म्हणून सबस्क्रायबर असा लिहायचा की तीच चिठ्ठी दहा वेळा आली तरी काम एकदाच होईल. याला आयडेम्पोटन्सी म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी आहे. आम्ही इनव्हॉइसच्या टेबलात "एका ऑर्डर नंबरला एकच इनव्हॉइस" असं डेटाबेसकडूनच बंधन घातलं. नुसतं कोडमध्ये "आधी आहे का बघ" असं लिहून भागत नाही. दोन वर्कर एकाच क्षणी बघतात, दोघांनाही "नाही" दिसतं आणि दोघंही बनवतात. डेटाबेसचं युनिक बंधन मात्र दुसऱ्याला दारातच अडवतं.

इनव्हॉइसबाबत हे फार महत्त्वाचं का? जीएसटीच्या नियमांप्रमाणे इनव्हॉइसला सलग अनुक्रमांक लागतो, १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात पुन्हा न येणारा. एका विक्रीला दोन नंबर गेले की कागदोपत्री दोन विक्री. नंतर खोडाखोड करता येत नाही, रीतसर क्रेडिट नोट काढावी लागते. म्हणून आम्ही इनव्हॉइसच्या क्यूवर एकच वर्कर ठेवलाय. हळू का होईना, नंबर ओळीने जातात. व्हॉट्सॲपच्या क्यूवर तीन आहेत.

व्हॉट्सॲपची मात्र शंभर टक्के खात्री देता येत नाही. मेसेज गेला आणि "गेला" अशी नोंद करायच्या आत प्रोग्राम पडला, तर पुन्हा जाणार. उलट नोंद आधी केली आणि मग पडला, तर कधीच जाणार नाही. दोन्हींतून एक निवडावं लागतं. मी दुसऱ्यांदा जाण्याचा धोका पत्करते. त्याचे पैसे लागतात हे खरं, पण पैसे भरून निरोपच न आलेला पालक रात्री दहाला फोन करतो, तो जास्त महाग पडतो.

लाल चिमटा

काही चिठ्ठ्या कुणाच्यानेच होत नाहीत. अण्णांच्या दोरीवर एक लाल चिमटा वेगळा होता. अक्षर लागत नाही, माल कुठला ते कळत नाही, अशी चिठ्ठी मुलांनी तिथे लावायची. संध्याकाळी अण्णा स्वतः बघायचे.

आमच्या एका पालकाने मुलीच्या नावापुढे बदामाचं चिन्ह टाकलं होतं. डेटाबेसमधलं इनव्हॉइसचं टेबल जुन्या "यूटीएफ८" पद्धतीचं. मायएसक्यूएलमध्ये त्यात इमोजी बसत नाही, "यूटीएफ८एमबी४" लागतं. सबस्क्रायबर चिठ्ठी घ्यायचा, पडायचा, चिठ्ठी परत पहिल्या जागी, पुन्हा घ्यायचा, पुन्हा पडायचा. एकच वर्कर, त्यामुळे मागच्या सगळ्या इनव्हॉइस अडकल्या. एका बदामापायी!

म्हणून प्रत्येक सबस्क्रायबरला प्रयत्नांची मर्यादा द्या. आम्ही पाच ठेवली आहे, आणि दोन प्रयत्नांमधली वेळ वाढत जाते: आधी काही सेकंद, मग मिनिट, मग दहा मिनिटं. ईमेल सर्व्हर मंद असेल तर तेवढ्यात सुधारतो. पाचही गेले की मेसेज लाल चिमट्याला, म्हणजे डेड लेटर क्यूमध्ये. लाराव्हेलमध्ये त्याचं "फेल्ड जॉब्स" असं टेबल असतं. आणि तिथे काही पडलं की मला मोबाइलवर निरोप आलाच पाहिजे. डेड लेटर क्यू लावली आणि कुणी उघडून बघितलीच नाही, तर ती कचरापेटी.

मुलगा कामावर आहे का?

सबस्क्रायबर हा वेबसाइटचा भाग असला तरी वेगळा, सतत चालणारा प्रोग्राम असतो. पान उघडलं की चालू, बंद केलं की बंद, असं त्याचं नसतं. साध्या शेअर्ड होस्टिंगवर असे प्रोग्राम बहुधा चालू देत नाहीत. तिथे क्रॉनने दर मिनिटाला वर्कर उठवून, रांग संपली की झोपवायचा, हा जुगाड चालतो. मिनिटभराचा उशीर वह्यांच्या दुकानाला चालतो. पुढे स्वतःचा छोटा सर्व्हर घेतलात तर सिस्टमडी किंवा सुपरवायझर वर्करवर लक्ष ठेवतो आणि पडला की उठवतो. हे न लावता डेव्हलपर स्वतःच्या लॅपटॉपवरून वर्कर चालू करून गेला, तर त्याने लॅपटॉप बंद केल्याबरोबर तुमचा मुलगाही घरी गेला समजा.

लाराव्हेलवाल्यांनी एक आठवण ठेवा. वर्कर चालू होताना वाचलेला कोडच डोक्यात धरून बसतो. तुम्ही व्हॉट्सॲपचा मजकूर बदलला, वेबसाइटवर चढवला, तरी जुना मजकूरच जात राहतो. प्रत्येक बदलानंतर वर्कर रीस्टार्ट करायचे. आम्ही "शाळा १५ जूनला सुरू" हे चुकलेलं वाक्य दुरुस्त करूनही अर्धा दिवस तेच पाठवत होतो. आणि वर्करचा टाइमआउट हा "रिट्राय आफ्टर"पेक्षा कमी असू द्या. मूळ सेटिंग ६० आणि ९० सेकंदांची असते. उलटं केलंत तर पहिला वर्कर काम करत असतानाच दुसरा तेच काम उचलेल.

रॅबिटएमक्यू असेल तर "प्रीफेच" विचारा. एका मुलाने वीस चिठ्ठ्या खिशात कोंबल्या आणि दुसरा रिकामा बसलाय, असं होतं. जड कामाला प्रीफेच १, हलक्याला थोडा जास्त.

अण्णांना गल्ल्यावर बसून दोरी दिसायची. आपली दोरी दिसत नाही, म्हणून दोन आकडे रोज बघायचे: रांगेत किती चिठ्ठ्या आहेत, आणि सगळ्यात जुनी चिठ्ठी किती वेळ लटकली आहे. दुसरा आकडा जास्त खरा. पाचशे चिठ्ठ्या भराभर सरकत असतील तर काळजी नाही. तीनच चिठ्ठ्या आहेत पण पहिली चाळीस मिनिटं तिथेच आहे, म्हणजे मुलगा गेला.

आता परीक्षा. "चाललंय" हे डेव्हलपरच्या तोंडून मानायचं नाही, स्वतः बघायचं. यंदा मे महिन्यातल्या एका रविवारी दुकान बंद असताना मी आणि भाऊजी बसलो. आधी सगळे वर्कर बंद केले आणि बारा खोट्या ऑर्डर टाकल्या. वेबसाइटने बाराही लगेच घेतल्या, हे पहिलं समाधान. वर्कर चालू केले. रांग सरकायला लागल्यावर मधेच इनव्हॉइसचा वर्कर जबरदस्तीने मारला, पुन्हा उठू दिला. मग गेटवेच्या चाचणीच्या सोयीतून एकाच पेमेंटचा वेबहुक तीन वेळा पाठवला. शेवटी मी मुद्दाम एका नावात बदाम टाकला आणि इनव्हॉइस बनवणारा भाग भाऊजींना थोडा वेळ बिघडवून ठेवायला लावला.

मग वही घेऊन मोजलं. तेरा ऑर्डर. बारा इनव्हॉइस, नंबर ओळीने, एकही दुहेरी नाही. व्हॉट्सॲप तेरा, गोडाऊनच्या स्लिपा तेरा. तेरावं इनव्हॉइस लाल चिमट्याला, आणि पाचव्या प्रयत्नानंतर माझ्या मोबाइलवर निरोप. बिघडवलेला भाग नीट करून ती चिठ्ठी परत रांगेत टाकली, तेरावं इनव्हॉइस बनलं, नावात बदामासकट. अण्णा मागे उभे राहून बघत होते. त्यांनी एकच विचारलं, "लाईट गेली तर?"

भाऊजींनी सर्व्हरच रीस्टार्ट करून दाखवला.